मधल्या तळ्याच्या नोंदी : ऑक्टोबर २०२३ ते जून २०२४

८ ऑक्टोबर २०२३, रविवार

हजर अकरा, त्यात काम करणारे सात. बाकीचे चहा आणि सल्ले.

आजपासून नोंदवही माझ्याकडे. आधीचे बेलिफ, म्हणजे तळ्याचे राखणदार, ८१ वर्षांचे झाले. वही हातात देताना म्हणाले, "तू इंजिनीयर आहेस, तुला मोजायची खोड असेलच." ती आहेच. मी मराठीत लिहिणार हे मात्र त्यांना सांगितलं नाही. आमच्या गळवाल्यांच्या क्लबला महिन्याला एक पान इंग्रजीत देईन, ही वही माझी.

जागेबद्दल एकदाच लिहून ठेवतो. इंग्लंडच्या वॉरविकशायरमधली खाजगी इस्टेट. नाव बाहेर सांगायचं नाही ही मालकांची अट, कारण रात्री चोरून गळ टाकणारे येतात. टेकडीच्या उतारावर एकाखाली एक तीन तळी. वरचं अर्ध्या एकराहून जरासं मोठं, पूर्वीचं ‘स्ट्यू पाँड’: शुक्रवारच्या ख्रिस्ती उपासाला, मांस वर्ज्य म्हणून, मासे हाताशी असावेत म्हणून साठवायची टाकी. मधलं तीन एकरांचं, वाड्याच्या खिडकीतून छान दिसावं म्हणून अठराव्या शतकात ओढा अडवून केलेलं. खालचं लहान, बोरूंनी भरलेलं, बगळ्यांचं.

आमचा करार मधल्या तळ्याचा. मासे ‘कोर्स’: रोच, रड, टेंच, पर्च, थोडे क्रूशियन. गोड्या पाण्यातला सामन-ट्राउटचा खानदानी गोतावळा सोडला तर बाकी सगळं कोर्स, म्हणजे जाडंभरडं. माशांतही वर्णव्यवस्था. मला जाडंभरडंच आवडतं.

सभासदत्वाची वर्गणी आहेच, शिवाय वर्षातून चार रविवार अंगमेहनत. नाही आलात तर दंड. आमच्याकडे अलिबाग-पेणच्या खारपट्ट्यात शेतकरी मिळून बाहेरकाठा, म्हणजे खारं पाणी अडवणारा बाहेरचा बांध, राखत, त्याला जोळ म्हणत. इथे ‘वर्क पार्टी’ म्हणतात. पार्टी हा शब्द फसवा आहे.

आजचं काम: बोटहाऊस रिकामं करणं. कुजलेल्या होडीखाली तंबाखूचा जुना डबा सापडला, आत शिशाचे बारीक छर्रे. हंस खडे समजून ते गिळत आणि विषबाधेने मरत, म्हणून १९८७ पासून गळाच्या छोट्या शिसवजनांची विक्री इथे बंद आहे. डबा बेलिफांचाच निघाला. त्यांनी तो गुपचूप खिशात टाकला.

२२ ऑक्टोबर

बॅबेट वादळाचा पाऊस शुक्रवारी इथे पोचला. आज पाहणी. बांध ठीक. वरचं तळं दूध घातलेल्या चहासारखं. मधल्यात पाणी नेहमीपेक्षा २० सेंटिमीटर वर, सांडवा धावतोय.

वरच्या तळ्याच्या काठाशी, गवतात, तळहाताएवढा केशरी मासा दिसला आणि गेला. एकाने ‘कोई’, म्हणजे शोभेचा रंगीत कार्प, म्हटलं, दुसऱ्याने ‘तुझा चष्मा बदल’ म्हटलं. नोंद करून ठेवतो.

५ नोव्हेंबर

सांडव्याला लागून ‘मंक’ आहे. विटांचा उभा चौकोनी हौद, त्याच्या खाचेत एकावर एक ओकच्या फळ्या. फळ्या वाढवल्या की पाणी चढतं, काढल्या की उतरतं. काकांना फोनवर दाखवलं. म्हणाले, "अरे, ही तर आपली उघाडीच! फक्त भरती-ओहोटी नाही." बरोबर. उघाडी म्हणजे खारबांधातलं पाणी सोडायचं दार. आता या वहीत मी मंकला उघाडीच म्हणणार.

जुन्या पाच फळ्या काढल्या, तीन मऊ पडल्या होत्या. नव्या बसवल्या. माझ्या सूचनेवरून पाचऐवजी सहा. गाळामुळे खोली गेली आहे, १५ सेंटिमीटर पाणी फुकटात मिळतंय तर का सोडा, असं माझं म्हणणं. बेलिफ काही बोलले नाहीत, नुसते बांधाच्या पूर्वेच्या टोकाकडे बघत राहिले.

संध्याकाळी फांद्यांचा ढीग पेटवला. ५ नोव्हेंबर म्हणजे इथली फटाक्यांची रात्र. पेटवण्याआधी ढीग पूर्ण हलवून पाहिला, आत काटेरी हेजहॉग झोपलेले असतात. एक निघाला. त्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून हलवलं.

१२ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. रजा.

१९ नोव्हेंबर

वरच्या तळ्यातला गाळ मोजला. बांबूच्या टोकाला बशीएवढी चकती लावली. चकती जिथे थांबते तो गाळाचा माथा. मग नुसता बांबू खुपसायचा, तो टणक चिकणमातीवर आपटतो तो तळ. होडीतून २४ ठिकाणी. पाणी सरासरी ४५ सेंटिमीटर, गाळ ७०. तळ्याचं क्षेत्र २४०० चौरस मीटर, म्हणजे साधारण १७०० घनमीटर काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा ऐवज. दहा घनमीटरचा ट्रक धरला तर १७० खेपा, आणि इस्टेटची लाकडी फाटकं ट्रक आत घेणार नाहीत. कंत्राटदाराचा आकडा क्लबच्या दहा वर्षांच्या वर्गणीहून मोठा आला. विषय संपला.

खरं तर वरचं तळं आपलं काम चोख करतंय. ओढ्याचा गाळ तेच खातं, म्हणून मधलं अजून जिवंत आहे. ते भरलं की पाळी मधल्याची. शोभेसाठी केलेलं तळं म्हणजे निसर्गाने जिथे तळं केलंच नसतं तिथे माणसाने धरलेला हट्ट. हट्ट करणारे गेले, गाळ राहिला.

म्हणून स्वस्तातलं ठरलं. एक, मधल्याच्या नैर्ऋत्य काठावरची झाडं विरळ करायची. इथला वारा मुख्यतः त्या बाजूचा, सगळा पाला थेट पाण्यात येतो. दोन, पानगाळ लवकर कुजावा म्हणून त्यावर खडूची पूड.

चहाच्या वेळी एकाने पुन्हा सांगितलं की हे तळं केपेबिलिटी ब्राउनने, म्हणजे अठराव्या शतकातल्या नामांकित बागरचनाकाराने, केलंय. इंग्लंडमध्ये प्रत्येक जुन्या इस्टेटीवर हे ऐकायला मिळतं, जसं आपल्याकडे प्रत्येक किल्ल्यावर भुयार असतंच. ब्राउनने जवळच काँप्टन व्हर्नी या इस्टेटीवर काम केलं हे खरं. ब्लेनहाइम राजवाड्याला तर त्याने ग्लाइम नावाची छोटी नदी अडवून एवढं पाणी चढवलं की वास्तुकार व्हॅनब्रूच्या भव्य पुलाच्या खालच्या खोल्या बुडाल्या. आमच्या तळ्याचा कागद मात्र कुठेच नाही.

३ डिसेंबर

विलोची छाटणी. खांद्याच्या उंचीवर सगळ्या फांद्या साफ. नवखा माणूस हळहळतो, पण विलो दोन वर्षांत पुन्हा डोक्यावर बसतो. आल्डर फक्त विरळ केले.

गळ टाकून बसायच्या जागांना इथे ‘पेग’ म्हणतात, लाकडी खुंटीवरून. आज ४, ५ आणि ७ नंबरच्या फळ्या बदलल्या. घरी फोन करून सांगितलं, "तीन पेग झाले, आता निघतो." बायकोने शांतपणे विचारलं, "गाडी कोण चालवतंय?"

३ जानेवारी २०२४, बुधवार

काल हेंक वादळ. लीमिंग्टनहून येताना दोन रस्ते पाण्याखाली होते, एव्हन नदी शेतात शिरलेली. सेक्रेटरीचा फोन सकाळी सातला: पाणी बांधावरून जातंय.

पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. बांधाच्या पूर्वेच्या टोकाला, जिथे भराव बसून थोडा खचला आहे, तिथून तीन मीटर रुंदीची पाण्याची चादर खाली कुरणात उतरत होती. गवताची साल सोलली गेली होती आणि खाली दीड फूट खोल घळ पडली होती. उघाडीच्या तोंडाशी पाल्याचा गठ्ठा, आणि वर माझी सहावी फळी.

दाताळ्याने पाला ओढला. फळी निघेना, ओक फुगून खाचेत घट्ट बसला होता. दोघांनी पहार घालून काढली. पाऊण तासात बांधावरचं वाहणं थांबलं. मग कुरणातून फिरलो. गवतात रोच तडफडत होते, चंदेरी, बोटाएवढे ते वीतभर. बादल्यांनी ६० एक उचलून परत मधल्या तळ्यात सोडले. बगळे आमच्या आधी येऊन गेले होते.

पाटबंधाऱ्याच्या पुस्तकातलं पहिलं पान: मातीच्या बांधावरून पाणी जाता कामा नये. बांधाचा माथा आणि पाण्याची पातळी यांत मोकळी उंची ठेवायची, ती पुरासाठी. मी ती १५ सेंटिमीटरने कमी केली, आणि बांधाचा माथा सगळीकडे सारखा आहे का हे लेव्हल लावून पाहिलंही नाही. ३० वर्षं सिव्हिलमध्ये काढून. बेलिफ तेव्हा पूर्वेच्या टोकाकडे का बघत होते ते आज कळलं. "बोलला का नाहीत?" म्हणून विचारलं. म्हणाले, "तू मोजलं असशील असं वाटलं."

७ जानेवारी

घळ भरली. नुसती माती टाकून चालत नाही, पाणी तीच वाट पुन्हा शोधतं. सैल भाग खणून काढला, पायऱ्या पाडल्या, ओली चिकणमाती थराथराने टाकून बुटांनी तुडवली. कुंभार तुडवतो तशी, खडा लागला की काढायचा. मूळ तळ्याचा तळही असाच केलेला असणार, तेव्हा माणसांबरोबर गुरंही फिरवत. एक टन माती, नऊ माणसं, पाच तास. माझ्या मांड्या अजून बोलतायत.

आता लेव्हल लावली. पूर्वेचं टोक २२ सेंटिमीटर खाली. भराव उन्हाळ्यात. तोवर फळ्या पाचच.

भरावात एक बीळ सापडलं. बिज्जूचं, म्हणजे बॅजरचं असेल तर परवान्याशिवाय हात लावता येत नाही, १९९२ चा कायदा आहे. सगळे तोंडं पाडून उभे. बेलिफांनी वाकून लेंड्या बघितल्या: "ससा." काम पुढे चालू.

२८ जानेवारी

जाळं ओढून माशांची पाहणी. एन्व्हायर्नमेंट एजन्सीची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते, स्वतःच्या तळ्यात जाळं टाकायलासुद्धा. काम मत्स्य-सल्लागारांनी केलं, आम्ही दोर ओढले.

माझं लक्ष क्रूशियनवर. का, ते लिहितो. क्रूशियन हा कार्पचाच लहान चुलता: गोल, जाड, जुन्या पितळी तांब्याच्या रंगाचा. दोन पौंडांचा म्हणजे मोठाच. हिवाळ्यात बर्फाखालच्या पाण्यातला प्राणवायू पूर्ण संपला तरी तो तगतो. अशा वेळी शरीरात साठणारं लॅक्टिक आम्ल तो मद्यार्कात बदलून कल्ल्यांतून बाहेर टाकतो. २०१७ मध्ये ऑस्लो आणि लिव्हरपूलच्या संशोधकांनी यामागची यंत्रणा उलगडली. त्याच्या रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडतो. तेवढा घेऊन स्कॉटलंडमध्ये गाडी चालवली तर पोलिस धरतील. आमच्याकडचा खरा पेगवाला हा.

असा चिवट मासा संपत का आला? तळी बुजली, पाणकावळे आले, आणि मुख्य म्हणजे संकर. क्रूशियनचं कार्पशी जुळतं, गोल्डफिशशीही जुळतं. पोरं दोघांसारखी दिसतात, आणि काही पिढ्यांत अस्सल उरत नाही.

आज जाळ्यात क्रूशियनसारखे १४ आले. ओल्या गादीवर ठेवून एकेक तपासला. तोंडाशी मिशा नकोत, त्या कार्पच्या. पाठीवरच्या परांची कड बाहेर फुगलेली हवी. गोल्डफिशची सरळ किंवा आत दबलेली असते. अंगावरच्या मधल्या रेषेवरचे खवले साधारण ३२ ते ३४ हवेत, गोल्डफिशचे कमी. निकाल: पाच अस्सल वाटतात. सहा संशयित. तीन चक्क गोल्डफिश, पण तपकिरी.

गेल्या जूनमध्ये ‘तळ्याचा सर्वात मोठा क्रूशियन’ म्हणून माझा फोटो क्लबच्या फळ्यावर लागलाय. घरी येऊन तो मोठा करून खवले मोजले. २८. उद्या काढून टाकतो.

११ फेब्रुवारी

गोल्डफिश आले कुठून? कुणी बरणीतून आणून सोडले, हा सेक्रेटरींचा अंदाज. मला ऑक्टोबरमधला केशरी मासा आठवत होता. आज ओढ्याच्या कडेकडेने वर चालत गेलो.

वरच्या तळ्याच्या वरच्या अंगाला, ब्रॅम्बलच्या काटेरी जाळीत विटांची कमानी मोरी आहे, गुडघाभर उंच. पाणी येत होतं, पण ओढ्याचं नाही, स्वच्छ. तिची दिशा धरून चढलो तर सरळ वाड्याच्या बागेत, कारंज्याच्या गोल हौदापाशी. हौदात सुस्त, जाडजूड, केशरी आणि पांढरे मासे. हौद भरला की जादाचं पाणी त्या मोरीतून आमच्या डोक्यावर.

म्हणजे बागेतली शोभा दर पावसाळी वरच्या तळ्यात, तिथून पुरात मधल्या तळ्यात. मोकळ्या पाण्यात काही पिढ्यांत केशरी रंग जातो, कारण केशरी पिल्लं आधी पकडली जातात आणि तपकिरी उरतात. बघणाऱ्याला वाटतं क्रूशियन. आणि जानेवारीत बांधावरून गेलेलं पाणी खालच्या तळ्यात गेलं, तेव्हा मी स्वतः त्यांना आणखी एक पायरी उतरायला वाट दिली.

इस्टेटच्या व्यवस्थापकांना भेटलो. हौदातले मासे हलवणार नाहीत, ते मालकीणबाईंच्या आजीच्या काळापासूनचे. जाळी लावायला हरकत नाही, मात्र हौदाच्या दगडाला भोक पाडायचं नाही, तो वारशाच्या यादीत आहे. ठीक. जाळी मोरीच्या खालच्या तोंडाला.

२५ फेब्रुवारी

जाळी बसवली: सहा मिलिमीटर छिद्रांचा स्टेनलेस पत्रा, लाकडी चौकटीत, उभा. तासाभरात पाल्याने गच्च. पाणी मागे तुंबून बाजूने वाट काढायला लागलं.

रात्री काकांना दाखवलं. ते अंगणात सुपारी कातरत होते. "उभी कशाला लावलीस? उताणी कर. पाणी खालून जाईल, कचरा वर सरकेल." बांधकामाच्या पुस्तकातही हेच आहे, हे त्यांना सांगितलं नाही.

आज झाडतोडीचा शेवटचा दिवस. मार्चपासून पक्ष्यांची घरटी, करवत बंद.

१० मार्च

जाळी ४५ अंशांत तिरपी केली. चालते. पण आठवड्याला एकदा हाताने झाडावी लागेलच.

बार्लीचा पेंढा, जाळीच्या पिशव्यांत सैल भरून, पिंपांना बांधून तरंगत सोडला. चौरस मीटरला २५ ग्रॅम धरले तर ३०० किलो होतो. कुजताना त्यातून नव्या शेवाळाची वाढ रोखली जाते असं म्हणतात, आहे ते शेवाळ मरत नाही. गेल्या वर्षी फरक पडला म्हणणारे चार, नाही म्हणणारे पाच. बदकांना मात्र बसायला जागा झाली.

१४ मार्चला गळ बंद. बंद तळ्यांना हा बंदीकाळ कायद्याने सक्तीचा नाही, १९९५ मध्ये उठला, नद्यांनाच राहिला. आमचा क्लब स्वतःहून १५ मार्च ते १५ जून पाळतो. मला पटतं. तीन महिने तळ्याकडे नुसतं बघता येतं.

२१ एप्रिल

वार्षिक सभा. ठराव: मोठे कार्प आणून सोडावेत, दिवसाच्या तिकिटावर बाहेरचे लोक घ्यावेत, बांधाचा भराव त्यातून करावा. मांडणारा माणूस चांगला आहे, त्याचा हिशेबही चुकीचा नव्हता. कार्पचं वेड इथे जुनं. १९५२ मध्ये रिचर्ड वॉकरने हियरफोर्डशायरच्या रेडमायर तळ्यातून ४४ पौंडांचा कार्प काढला, तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ठेवला होता, लोक बघायला जात.

मी उभा राहून बोललो. कार्प तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, तळाची झाडं जातात. शिवाय क्रूशियनशी आणखी एक सोयरीक. बोलता बोलता जानेवारीतली फळीही कबूल केली, नाहीतर ती कोणी काढलीच असती. ठराव तीन मतांनी पडला. भरावाचे पैसे कुठून, हा प्रश्न तसाच टेबलावर.

१९ मे

हिमालयन बाल्सम उपटणं. वरच्या ओढ्याकाठी गुडघाभर झाला आहे. उन्हाळ्याअखेर डोक्याच्या वर जाईल, गुलाबी फुलेल, आणि शेंगा फुटून बी सात मीटरपर्यंत उडेल. १८३९ मध्ये बागेसाठी हौसेने हिमालयातून इथे आणला. हा आपल्या तेरड्याचा सख्खा भाऊ. तेरड्याचा रंग तीन दिवस, याचा मुक्काम १८५ वर्षं. एका सभासदाने मला चिडवलं, "तुमच्याकडचा आहे, तूच ने." मी म्हटलं, नेणारे तुमचे होते.

फुलायच्या आधी मुळासकट उपटला की काम होतं, मूळ वरवरचं असतं. चार तासांत ओढ्याचे ८० मीटर साफ. बी जमिनीत दीड-दोन वर्षं जगतं, म्हणजे पुढच्या मेमध्ये पुन्हा.

९ जून

पाणी १८ अंश. टेंच काठच्या बोरूंत जोडीने घुसळतायत. पेग ७ च्या फळीखाली पाणमांजराची विष्ठा, माशांच्या काट्यांनी भरलेली. पाणमांजरं इंग्लंडच्या सगळ्या परगण्यांत परत आली, २०११ मध्ये केंट शेवटचं. चांगली गोष्ट आहे. टेंचला तसं वाटत नसेल.

१६ जून, रविवार

हंगामाचा पहिला दिवस. पहाटे चारला फाटक उघडलं. पेग ५, दीड मीटर पाणी, हलका फ्लोट, बिनकाट्याचा १६ नंबरचा गळ, मक्याचा एक दाणा. धुकं.

४:५० फ्लोट पडण्याऐवजी वर उचलला गेला आणि आडवा झाला. टेंच, तीन पौंड, शेवाळी हिरवा, डोळा तांबडा. सोडला.

६:१५ क्रूशियनसारखा. मिशा नाहीत, परांची कड फुगलेली, खवले ३३. पौंड आणि दोन औंस. फोटो, मोजपट्टीसकट.

६:४० तसाच दिसणारा. कड सरळ. खवले २९. क्लबचा नवा नियम: संशयित परत सोडायचा नाही, बादलीत ठेवून व्यवस्थापकांकडे द्यायचा, ते हौदात टाकतील. चुलत्याकडे रवाना.

७:३० बेलिफ काठी टेकत आले. माझ्या मोबाइलमधला ३३ वाला बघितला, बराच वेळ. मग खिशातून भिंग काढून स्वतः मोजले. "३२," म्हणाले. पुन्हा मोजले. "३३."

काकांना फोटो पाठवला. उत्तर: "एवढ्यासाठी चारला उठलास? कालवणाला चार तरी लागतील."

जाळी झाडायची पाळी: २३ जून सेक्रेटरी, ३० जून मी, ७ जुलै कार्पच्या ठरावाचे गृहस्थ. त्यांनी स्वतःहून नाव दिलं.